यूएसबी लावलेली असली की मशीन सुरू होताना अडकतं, उपसली की चालतं

थंबवाला_सांगोला:
नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, सगळं एकाच असेंबल्ड डेस्कटॉपवर चालतं. विंडोज १०, ८ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी. गेले काही महिने सकाळी मशीन चालू केलं की दोनपैकी एक होतं. एक तर मदरबोर्डच्या लोगोवर अडकून बसतं, कीबोर्डवर काहीही दाबा, हालत नाही. नाहीतर लोगो जातो, विंडोजचे ठिपके गोल फिरतात आणि निळी स्क्रीन. त्यावर 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' असं लिहिलेलं असतं.

मागच्या सगळ्या यूएसबी वायरी उपसल्या की मशीन गुमान चालू होतं. मग एकेक लावत जायचं. त्यानंतर दिवसभर कसलाही त्रास नाही.

लावलेलं सामान: कीबोर्ड, माऊस, थंबचं मशीन (आधारसाठी बोटांचे ठसे घेणारं), वेबकॅम, स्कॅनरवाला प्रिंटर आणि बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क. पोर्ट पुरेनात म्हणून सात पोर्टचा हब घेतला, त्याला स्वतःचा अडॅप्टर आहे.

हार्डवेअरवाल्यानं फॉरमॅट मारून दिलं. थोडे दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. आता तो म्हणतो मदरबोर्ड गेला. बोर्ड बदलायचा तर या पिढीचा मिळत नाही, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम पण आली. बाहेर लोक रांगेत आणि मी टेबलाखाली वायरी उपसतोय, हे रोजचं झालंय. खर्चात पडायच्या आधी घरच्या घरी काय बघता येईल?

फुकटचा_सल्लागार:
एसएसडी बदलून बघा. माझ्या मेव्हण्याचं अस्संच होत होतं.

सोल्डरगन:
एसएसडी गेला असता तर यूएसबी उपसल्यावर तो कसा काय बरा होतो? दादा, तूर्त काहीही बदलू नका.

तुम्ही एका धाग्यात दोन वेगळी दुखणी लिहिली आहेत, ती आधी वेगळी करू. मदरबोर्डच्या लोगोवर मशीन अडकतं तेव्हा विंडोज अजून डिस्कवरून उठलेलंसुद्धा नसतं. त्या वेळी फक्त बायोस, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर, काम करत असतो. प्रत्येक पोर्टवर काय आहे ते तो स्वतःच विचारतो, कीबोर्ड ओळखतो, डिस्क दिसली तर तिच्यावरून बूट होता येतं का तेही बघतो. तिथे अडकलं तर कारण वीज, वायर, पोर्ट किंवा बायोसचं सेटिंग यांपैकी असणार. त्याला फॉरमॅट मारून काडीचाही उपयोग नाही.

ठिपके फिरायला लागले की बायोसचा अंमल संपला, कारभार विंडोजकडे गेला. त्यानंतरची निळी स्क्रीन ही बहुतेक वेळा कुठल्यातरी ड्रायव्हरची, म्हणजे एखादी वस्तू चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची, असते. तिथे बोर्डावर संशय घ्यायचं कारण नाही.

आता एवढं सांगा. निळी स्क्रीन रात्री शट डाउन करून सकाळी चालू केल्यावरच येते, की दिवसा रीस्टार्ट केलं तरी येते? हबवर नेमकं काय काय लावलंय आणि मागच्या पोर्टांवर काय? आणि एक प्रयोग करा. मशीन शट डाउन करून पीसीचा भिंतीवरचा स्विच बंद करा, हबचा अडॅप्टर मात्र चालू ठेवा. मग माऊसखालचा, कीबोर्डवरचा, कॅबिनेटवरचा कुठला दिवा जळतोय का ते बघा.

फुकटचा_सल्लागार:
बायोसमध्ये जाऊन 'लेगसी यूएसबी सपोर्ट' डिसेबल करून टाका. लोगोवर यूएसबी बघणारच नाही, प्रश्न मिटला.

सोल्डरगन:
हे करू नका! तुमचा कीबोर्डही यूएसबीचाच आहे ना? ते बंद केल्यावर काही बोर्डांवर परत बायोसमध्ये शिरायलाच कीबोर्ड चालत नाही. जुना गोल पिनेचा पीएस-टू कीबोर्ड घरात असेल तर ठीक, नाहीतर कॅबिनेट उघडून सीएमओएसचा सेल (बायोसची सेटिंग जपणारा बोर्डावरचा छोटा सेल) काढायची पाळी येते.

डीटीपीवाली_कोल्हापूर:
निळ्या स्क्रीनचं मी सांगते, आमच्याकडे हा प्रकार होऊन गेलाय. मराठी फॉन्टच्या जुन्या सॉफ्टवेअरचं डोंगल आहे, ते पोर्टला असल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही. ऐन लग्नसराईत, पत्रिकांचे गठ्ठे पडलेले असताना, डोंगल लावून मशीन चालू केलं की निळी स्क्रीन. डोंगल काढून चालू केलं आणि मग लावलं तर बराच वेळ चालायचं. सगळे म्हणाले डोंगल गेलं. नवं डोंगल म्हणजे नवा परवाना, आणि ती कंपनी आता फोनही उचलत नाही.

शेवटी भाच्यानं डम्प बघायला शिकवलं. निळी स्क्रीन येते तेव्हा विंडोज एक छोटी फाइल लिहून ठेवतं. सी ड्राइव्हमध्ये विंडोज फोल्डर, त्यात मिनीडम्प नावाचं फोल्डर. नीरसॉफ्टचं 'ब्ल्यूस्क्रीनव्ह्यू' म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, ते उघडलं की या फाइली तारखेनिशी दिसतात आणि कुठल्या ड्रायव्हरवर संशय आहे ते खाली रंगवून दाखवतं. फोल्डर रिकामं असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, तिथे 'स्टार्टअप अँड रिकव्हरी', आणि त्यात 'स्मॉल मेमरी डम्प' निवडायचं. तिथलीच 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' ही खूण काढून टाका, म्हणजे निळी स्क्रीन पळून जाणार नाही, नीट वाचता येईल.

एक सांगून ठेवते. यादीत बहुतेक वेळा 'एनटीओएस कर्नल' असं नाव वर येतं आणि माणूस घाबरतो की विंडोजच खराब आहे. तो तर विंडोजचा गाभा, प्रत्येक गाडी त्याच स्टेशनावरून जाते. ज्याच्यापुढे मायक्रोसॉफ्ट लिहिलेलं नाही ते नाव शोधा. आमच्याकडे डोंगलचा ड्रायव्हर निघाला. डोंगल धडधाकट होतं. त्याच चिपचा नवा ड्रायव्हर चिप बनवणाऱ्यांच्या साइटवर मिळाला, तो टाकला आणि पत्रिका वेळेत गेल्या.

गप्पीदास:
अवांतर: यूएसबी लावली आणि निळी स्क्रीन आली, याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग खुद्द बिल गेट्सच्या समोर झाला होता. २० एप्रिल १९९८, शिकागोचं कॉमडेक्स प्रदर्शन, विंडोज ९८ बाजारात यायचं होतं. मायक्रोसॉफ्टचे क्रिस कॅपोसेला स्टेजवर स्कॅनर लावून दाखवत होते, 'लावा आणि वापरा' म्हणून. स्कॅनर लावला आणि भरसभेत निळी स्क्रीन. गेट्स हसत म्हणाले, म्हणूनच आम्ही हे अजून विकायला काढलेलं नाही. त्यामुळे सांगोलेकर, मन खट्टू करू नका, तुमच्यापुढे रांगेत तरी गाववालेच आहेत.

थंबवाला_सांगोला:
मस्तच. आमच्या रांगेतले मात्र हसत नाहीत.

सोल्डरगन सर, प्रयोग केला. पीसीचा स्विच बंद, हबचा अडॅप्टर चालू. माऊसखालचा लाल दिवा जळतोच आहे! आणि माऊस हबवर नाही, तो बोर्डाच्या मागच्या पोर्टला थेट लावलाय. अडॅप्टरची पिन काढली की लगेच विझतो. हबवर थंब, वेबकॅम आणि हार्ड डिस्क आहे. प्रिंटर, कीबोर्ड, माऊस मागे.

निळी स्क्रीन फक्त सकाळीच येते. दिवसा रीस्टार्ट मारलं तर कधीच नाही. हे मी आजवर ध्यानातच घेतलं नव्हतं. ताई, मिनीडम्प आज रात्री बघतो.

सोल्डरगन:
अर्धं काम झालं.

माऊसला वीज कुठून मिळतेय बघा. पीसीला भिंतीवरून वीज नाही. हबचा अडॅप्टर पाच व्होल्ट देतो, ते हबमधून यूएसबीच्या मोठ्या वायरीनं उलटे बोर्डात शिरतात आणि तिथून माऊसपर्यंत जातात. वीज नेहमी पीसीकडून वस्तूकडे जायला हवी. स्वतःची वीज असलेल्या हबनं ती वर, म्हणजे पीसीकडे, ढकलायची नाही असा यूएसबीचा नियमच आहे. पण स्वस्त हबमध्ये दहा-वीस रुपये वाचवायला ती अडवणारी व्यवस्था गाळलेली असते आणि अडॅप्टरची वायर सरळ यूएसबीच्या पाच व्होल्टला डकवलेली असते. याला बॅकफीड म्हणतात.

आता सकाळी लोगोवर का अडकतं ते बघू. बोर्ड चालू होताना त्याला शून्यापासून वर यायचं असतं. वीज शून्य होते, मग चढते, त्या चढण्यावरून चिपांना 'आता नव्यानं सुरुवात' असं कळतं. तुमच्या बोर्डावर रात्रभर अर्धवट व्होल्टेज बसून असतं. यूएसबी कंट्रोलर ना धड बंद, ना धड चालू. सकाळी बायोस त्याला हाक मारतो आणि उत्तराची वाट बघत बसतो. वायरी उपसल्या की ते उलटं व्होल्टेज जातं, सगळं कोरं होतं. दिवसा चालू मशीनला हब लावला तर बोर्डाचे स्वतःचे पाच व्होल्ट हजर असतात, म्हणून तेव्हा काही बिघडत नाही.

मल्टिमीटर असेल तर पीसीचा स्विच बंद आणि अडॅप्टर चालू ठेवून मागच्या रिकाम्या पोर्टवर मोजा. शून्य यायला हवं.

तीन_फेज:
नमस्कार. मी वायरमन, कॉम्प्युटरचं मला फार कळत नाही. पण एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, बघितल्याशिवाय बोर्ड आणि हबला नावं ठेवू नका. पीसी बंद असतानाही एसएमपीएसमधून एक पाच व्होल्टची लाइन चालू असते, स्टँडबाय म्हणतात तिला. लेबलवर +५ व्हीएसबी असं छापलेलं असतं, दोन ते तीन अँपिअर. बऱ्याच बोर्डांवर मागच्या यूएसबी तिच्यावरच चालतात. हलक्या एसएमपीएसमध्ये काही वर्षांनी कपॅसिटर फुगतात आणि ही लाइन खाली बसते. मग सकाळी थंड असताना मशीन उठत नाही, यूएसबीचं ओझं काढलं की उठतं, आणि एकदा गरम झालं की दिवसभर पळतं. तंतोतंत हीच लक्षणं. बोर्डाच्या चोवीस पिनेच्या कनेक्टरमधली जांभळी वायर म्हणजे ही लाइन. मीटर लावा. पावणेपाच ते सव्वापाच व्होल्टच्या मधे पाहिजे, आणि सगळं सामान लावलेलं असताना पाहिजे.

सोल्डरगन:
+१. वायरमनदादा, बरोबर मुद्दा. हे मोजायलाच हवं.

झेडपी_गुरुजी:
आमच्या शाळेच्या संगणक कक्षात वेगळाच प्रकार असतो, तोही इथे नोंदवून ठेवतो. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर इंग्रजीत संदेश येतो की यूएसबीवर जादा करंट आढळला, १५ सेकंदांत मशीन बंद होईल. आणि खरंच बंद होतं. पोर्टला काहीही लावलेलं नसताना!

कारण कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांत. मुलं पेन ड्राइव्ह उलटा घुसवतात, आतली पांढरी पट्टी मोडते, चार पितळी पत्र्या वाकून बाजूच्या पत्र्याला टेकतात. पाच व्होल्ट सरळ बॉडीला. बोर्ड बिचारा स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. टॉर्च लावून पोर्टात बघितलं की दिसतं. इलाज सोपा आहे: कॅबिनेट उघडायचं, पुढच्या पोर्टांची वायर बोर्डावर नऊ पिनांच्या खुंट्यांवर बसवलेली असते, ती उपसून टाकायची. पुढचे पोर्ट गेले, मशीन वाचलं. आम्ही आता पुढच्या पोर्टांवर चिकटपट्टीच मारून ठेवली आहे.

ती वायर परत लावताना दिशा बघा. त्या खुंट्यांत एक पिन मुद्दाम नसते, ती जागा जुळली पाहिजे.

अस्सल_पुणेकर:
गुरुजी, चिकटपट्टी मुलं सोलून काढत नाहीत?

झेडपी_गुरुजी:
काढतात. आम्ही परत लावतो.

थंबवाला_सांगोला:
मोजणी केली. शेजारच्या मोबाईल दुकानातून मीटर आणला. जांभळ्या वायरीवर सगळं सामान लावून पाचच्या वर काही पॉइंट, ठाम. म्हणजे एसएमपीएस सुटला. पीसीचा स्विच बंद करून, अडॅप्टर चालू ठेवून मागच्या रिकाम्या पोर्टवर चार व्होल्टच्या आसपास दाखवतोय. सोल्डरगन सर, बॅकफीडच.

आता हब आणि पीसी एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतलेत, रात्री एकाच स्विचनं दोन्ही बंद. तेव्हापासून लोगोवर एकदाही अडकलं नाही. पण निळी स्क्रीन अजून येते. मिनीडम्पमध्ये ताई म्हणाल्या तसं एनटीओएस कर्नल वर आहे आणि त्याच्याखाली थंब मशीनच्या ड्रायव्हरचं नाव आहे. सगळ्या फाइलींत तेच. तारीख बघितली तर ड्रायव्हर २०१५ चा.

मग थंब मशीन खराब म्हणायचं का? नवं घ्यायचं तर पुन्हा आरडी सर्व्हिसची (थंब आधारच्या कामाला जोडणारं सॉफ्टवेअर) नोंदणी आली, रिचार्ज आला.

सोल्डरगन:
खराब असतं तर दिवसभर अंगठे घेतले असते का? नवं घेऊ नका.

'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर', आकड्यात ९एफ, याचा अर्थ असा: विंडोजनं एखाद्या ड्रायव्हरला सांगितलं, झोप किंवा ऊठ, आणि त्यानं ते काम वेळेत पुरं केलं नाही. विंडोज ठराविक वेळ थांबतं आणि मग निळी स्क्रीन दाखवतं. आता प्रश्न असा की तुम्ही तर रात्री शट डाउन करता, सकाळी 'ऊठ' कुठून आलं?

ते येतं फास्ट स्टार्टअपमधून. विंडोज ८ पासून शट डाउन म्हणजे पुरतं बंद होणं राहिलेलं नाही. तुमच्या खिडक्या, प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि सगळे ड्रायव्हर ज्या अवस्थेत होते ती अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते. सकाळी ती जशीच्या तशी उचलली जाते. सुरुवात पटकन होते ती यामुळे. पण ड्रायव्हरच्या दृष्टीनं ही सुरुवात नसते, झोपेतून उठणं असतं. २०१५ चा जुना ड्रायव्हर थेट सुरू व्हायला नीट आहे, झोपेतून उठायला नाही. रीस्टार्टमध्ये मात्र विंडोज खरंच शून्यापासून सुरू होतं, म्हणून दिवसा रीस्टार्टला तुम्हाला काही होत नाही. गंमत अशी की लोक रीस्टार्टला हलकं समजतात आणि शट डाउनला पक्कं. आजकाल उलटं आहे.

आज रात्री एवढंच करा: शिफ्ट दाबून धरा आणि शट डाउनवर क्लिक करा. त्या एका वेळेपुरतं पूर्ण बंद होतं. सकाळी सगळं लावलेलं ठेवून चालू करा.

श्टुटगार्टकर:
वाचतोय. लोगोवर अडकण्याचं अजून एक कारण लिहितो. माझ्याकडे बाहेरच्या दोन मोठ्या हार्ड डिस्क कायम लावलेल्या असतात, फोटोंच्या. चालू केलं की लोगोवर ढिम्म. डिस्क काढल्या की लगेच पुढे. बायोसच्या बूट ऑर्डरमध्ये यूएसबी सगळ्यात वर होती. बायोस त्या डिस्कवर बूट करण्याजोगं काही आहे का ते शोधत बसायचा. आतला एसएसडी पहिला केला, यूएसबीवरून बूट होणं बंद केलं, तेव्हापासून सुरळीत. कार्ड रीडरमध्ये विसरलेलं कॅमेऱ्याचं कार्डही असाच घोळ घालतं. काळा पडदा आणि वर डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ दिसली तर आधी पेन ड्राइव्ह आणि कार्ड काढून बघावं.

थंबवाला, तुमची बॅकअपची डिस्क हबवर आहे म्हणालात. तिलाही विसरू नका.

सोल्डरगन:
बरोबर. आणि डिस्कचा करंट हा वेगळा मुद्दा आहे. यूएसबी २ च्या पोर्टनं पाच व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर द्यायचे असतात, यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टनं ९००. वस्तू ओळखली जाईपर्यंत तिनं १०० च्या वर ओढायचे नाहीत असा यूएसबी २ चा नियम आहे. फिरती डिस्क मात्र पहिली गिरकी घेताना क्षणभर भरपूर ओढते. जुन्या डिस्कांबरोबर दोन तोंडांची केबल यायची ती यासाठीच, एक तोंड डेटाला आणि दुसरं नुसतं करंटला. अडॅप्टर नसलेल्या चार पोर्टच्या हबवर डिस्क लावणारे लोक या ५०० मध्ये सगळ्यांची वाटणी करत असतात. त्यामुळे डिस्क मागच्या निळ्या पोर्टला थेट लावा, हबवर नको.

तीन_फेज:
प्रिंटर थेट मागे लावलाय ना? त्याचा प्लग जातो त्या भिंतीवरच्या बोर्डाला अर्थिंग आहे का बघा. गावाकडं तीन पिनेच्या प्लगची मोठी पिन कापून दोन पिनेच्या सॉकेटात घालायची खोड आहे. अर्थिंग नसेल तर पीसीच्या आणि प्रिंटरच्या बॉडीवर शंभर-सव्वाशे व्होल्ट तरंगतात, आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून येतात. करंट अगदी थोडा असतो, पण हाताला झिणझिण्या येतात आणि टेस्टर मंद पेटतो. प्रिंटरची यूएसबी लावताना ठिणगी दिसली तर समजा तेच. हा सगळा फरक यूएसबीच्या केबलच्या कवचातून वाहतो आणि पोर्ट मारतो. यूएसबी बदलून, ड्रायव्हर बदलून हा त्रास जात नाही. जमिनीत खड्डा घेऊन मीठ-कोळसा घालून पाइप गाडा, वायर ओढा, तर जातो.

डीटीपीवाली_कोल्हापूर:
दादा, आमच्या दुकानात कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. मला वाटायचं सगळीकडेच येतात.

तीन_फेज:
ताई, उद्याच्या उद्या वायरमन बोलवा. पत्रिका नंतर.

थंबवाला_सांगोला:
शिफ्ट धरून बंद केलं, सकाळी सगळं लावलेलं ठेवून चालू केलं, निळी स्क्रीन नाही. मग मुद्दाम एकदा साधं शट डाउन करून बघितलं, दुसऱ्या सकाळी लगेच निळी. सर, तुम्ही सांगितलं तस्संच.

अजून एक कोडं सुटलं. फॉरमॅट मारल्यावर सुरुवातीला बरं का चालत होतं? कारण थंबची सीडी मी लगेच टाकली नव्हती. आधी छपाईची कामं उरकली आणि थंबवाली गिऱ्हाइकं आली तेव्हा डब्यातली छोटी सीडी काढून ड्रायव्हर टाकला. तोच, २०१५ चा.

आता फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करायचं कसं, आणि ते केलं की झालं ना?

सोल्डरगन:
कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स. तिथे डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. आत 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' वर क्लिक केलं की खालच्या खुणा बदलता येतात. 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' वरची खूण काढा आणि सेव्ह करा. एसएसडी आहे, काही सेकंदांचाच फरक पडेल.

पण एवढ्यावर थांबलात तर ज्या दिवशी मशीन स्लीपमध्ये जाईल त्या दिवशी पुन्हा निळी स्क्रीन येईल, कारण उठणं तेव्हाही आहेच. ड्रायव्हर बदला. थंब बनवणाऱ्यांच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ताजा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस, दोन्ही उतरवून ठेवा. मग डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'व्ह्यू' मध्ये 'शो हिडन डिव्हायसेस' वर खूण करा. फिकट रंगात पूर्वी लावलेल्या सगळ्या वस्तू दिसतील. थंबच्या जितक्या नोंदी आहेत तितक्या 'अनइन्स्टॉल' करा आणि त्या वेळी ड्रायव्हरचं सॉफ्टवेअरही पुसायचं का असं विचारतं, तिथे हो म्हणा. ते नाही केलं तर वस्तू परत लावताच विंडोज आपल्या साठ्यातून तोच जुना ड्रायव्हर काढून बसवतं. मशीन रीस्टार्ट करा, मग नवा टाका, आणि थंब सगळ्यात शेवटी लावा.

सीडी फेकून द्या.

आपले_सरकार_परभणी:
मध्येच घुसतो, मी पण केंद्र चालवतो. आधीच्या कंपनीचं थंब असताना टाकलेली आरडी सर्व्हिस काढली होती का? आरडी सर्व्हिस विंडोजबरोबर आपोआप सुरू होते आणि मशीनवरच्या १११०० ते १११२० या नेटवर्क पोर्टांपैकी (यूएसबीचे नव्हेत, नुसते नंबर) एकावर बसते. पोर्टल त्याच नंबरांवर थंब शोधतं. दोन कंपन्यांच्या सर्व्हिस एकत्र असल्या की पोर्टल पहिल्यांदा जुनीला गाठतं आणि 'डिव्हाइस नॉट रेडी' म्हणतं. मशीन क्रॅश होत नाही, पण गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला येत नाही.

थंबवाला_सांगोला:
परभणीकर भाऊ, जुनी होती! एल झीरोवालं, म्हणजे आधीच्या दर्जाचं, थंब होतं तेव्हाची. काढली.

आताची स्थिती: नवा ड्रायव्हर टाकला, आरडीची नोंदणी तशीच राहिली, पुन्हा रिचार्ज करावा लागला नाही. फास्ट स्टार्टअप मुद्दाम परत चालू करून बघितलं, सकाळी सगळं लावलेलं असताना मशीन सरळ उठलं. तरी आता ते बंदच ठेवलंय. डिस्क मागच्या निळ्या पोर्टला, बूट ऑर्डरमध्ये एसएसडी पहिला. प्रिंटरच्या प्लगची मोठी पिन खरोखरच कापलेली निघाली, ती बदलून घेतली. बोर्ड तोच. हार्डवेअरवाल्याला धागा वाचायला पाठवलाय, तो म्हणतो त्याच्याकडे अशी अजून दोन मशीनं बोर्ड बदलायला आलीत.

हब कोणता घ्यावा, एवढं सांगा.

सोल्डरगन:
ब्रँड सांगत नाही, कारण एकाच नावाखाली आतली सर्किटची पट्टी बदलत राहते. दुकानातच तपासा. हबला त्याचा अडॅप्टर लावा, पीसीकडे जाणारी केबल मोकळी ठेवा आणि त्या केबलच्या तोंडावर पाच व्होल्टच्या दोन टोकांत मीटर लावा. काही व्होल्ट दाखवले तर तो हब परत द्या. मीटर नेणं जमत नसेल तर त्या केबलला दुसऱ्या बाजूचा जोड लावून दिवेवाला माऊस लावा. दिवा पेटला तर नको. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, हेही डोक्यात ठेवा. आधार आणि बँकेची कामं त्या मशीनवर चालतात. ११ वर गेलात तर सेटिंगमध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' (ड्रायव्हर तपासणारी सुरक्षा) दिसेल, ती चालू असली तर न जुळणारे जुने ड्रायव्हर चढूच देत नाही. डीटीपीताई, तुमच्या डोंगलसाठी हे आधी तपासून मगच ११ टाका.

डीटीपीवाली_कोल्हापूर:
नोंद घेतली. वायरमन येऊन गेला. अर्थिंगची वायर मीटरच्या डब्यापाशीच तुटलेली होती.

गप्पीदास:
धागा वर काढतो. लॅपटॉपचं कुणी सांगेल का? टाइप-सीच्या डॉकला लावून चालू केला तर लोगोवर थांबतो, डॉक काढून चालू केला आणि मग लावला तर मॉनिटर, कीबोर्ड सगळं चालतं. इथला कुठला इलाज लागू पडेल?

सोल्डरगन:
थोडा वेगळा मामला आहे. डॉक चार्जिंगही करतो, डिस्प्लेही देतो आणि त्याच्या पोटात हबही असतो, त्यामुळे बायोसला एका वायरीवर बरंच काही ओळखावं लागतं. लॅपटॉपचा बायोस आणि डॉकचं फर्मवेअर (डॉकच्या आतलं सॉफ्टवेअर), दोन्ही ताजे करा. फर्मवेअर विंडोज अपडेटमधून आपोआप येतंच असं नाही, बनवणाऱ्यांच्या साइटवरून वेगळं घ्यावं लागतं. डॉकच्या पोर्टांवरचं सगळं काढून, नुसता मोकळा डॉक लावून चालू करून बघा. तसा उठला तर डॉक निर्दोष, त्याच्यावर लावलेली एखादी वस्तू दोषी. बायोसमध्ये टाइप-सी किंवा थंडरबोल्टवरून बूट होण्याचं सेटिंग असेल तर बंद करा. एवढ्यानं नाही गेलं तर लॅपटॉपचं आणि डॉकचं मॉडेल लिहून वेगळा धागा काढा, इथे थंबचं आणि डॉकचं मिसळून जाईल.